शाळांची तुलना : पटावरची मुले आणि वर्गातली मुले

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त वाशिंद येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात परिसरातील जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेस ‘उत्कृष्ट शाळा’ म्हणून गौरवावे, असा आपल्या संस्थेचा संकल्प आहे. निवड समितीत मला स्थान देऊन विश्वस्तांनी माझा सन्मान केला, त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु हे काम हाती घेण्यापूर्वी एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. शाळांची तुलना करणे हे निवृत्तीपर्यंत माझ्या नोकरीचे कामच होते आणि ते करताना मी एकदा मोठी चूक केली आहे.

मी केंद्रप्रमुख होतो. दहा-बारा शाळांना भेटी देणे, हजेरीपट पाहणे, मुलांचे वाचन घेणे आणि तालुक्याला तक्ते पाठविणे हा माझा नित्यक्रम. एका वर्षी फेब्रुवारीत घेतलेल्या वाचन चाचणीत एका वाडीवरची शाळा माझ्या केंद्रात पहिली आली. तिसरी-चौथीची हजर असलेली सर्व मुले धडा घडाघडा वाचत होती. मी शिक्षकांची पाठ थोपटली, सभेत त्या शाळेचा दाखला दिला. पावसाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा त्याच वर्गांत मला न ओळखणारी पाच-सहा मुले बसलेली दिसली. त्यांना अक्षरेही नीट येत नव्हती. ती कातकरी कुटुंबांतली मुले. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली, ती पहिल्या पावसाबरोबर परतली. चाचणीच्या दिवशी जी नव्हती, त्यांच्यामुळेच ती शाळा पहिली आली होती. शिक्षकांनी काही लपविले नव्हते. गैरहजर कोण, हे मीच विचारले नव्हते.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ही गोष्ट अपवादाची नाही. भातशेतीचा हंगाम सरला की हाताला काम उरत नाही. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईच्या बाजूला जातात. तेथे वयाने मोठे मूल विटा उलटते, धाकट्याला सांभाळते. भट्टीवर शिक्षण पोहोचविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने याच ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा चालविल्या. शासनानेही हंगामी वसतिगृहे काढली, स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्डे दिली. पण कार्ड झोपडीत राहते आणि मूल भट्टीवर, हे मी पाहिले आहे.

आता आकड्यांकडे वळू. आपण व्यापारी मंडळी, हिशेबात मला सहज धराल म्हणून थोडे सांभाळूनच बोलतो. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल वाचू लागले तर शेकडा प्रमाण अडीचने वाढते. सहा मुलांच्या वर्गात तेच प्रमाण जवळजवळ सतराने वाढते आणि एक आजारी पडले की तितकेच कोसळते. स्टेशनच्या बाजूची मोठी शाळा आणि माहुलीच्या पायथ्याकडची लहान शाळा यांना एकाच तक्त्यात एकाखाली एक मांडून क्रमांक देणे म्हणजे तोळा आणि क्विंटल एकाच काट्यावर तोलणे होय.

शिवाय दोन्हीकडचे शिक्षक सारखे काम करीत नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील निकषानुसार साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. निकष वाईट नाही. परंतु याचा प्रत्यक्ष अर्थ असा की पाच इयत्ता दोघांनी शिकवायच्या. त्यातला एक बैठकीला किंवा माहिती भरायला गेला, की पाचही इयत्ता एकाकडे. तो पहिलीला अक्षरे गिरवायला सांगतो, चौथीला भागाकार देतो आणि मधल्यांना पाढे म्हणायला बसवितो. ज्या मुलाच्या घरी कातकरी बोली बोलली जाते, त्याला तर आधी पुस्तकातील मराठीच शिकावी लागते. मोठ्या शाळेतला दर इयत्तेला स्वतंत्र शिक्षक असलेला वर्ग आणि हा वर्ग, यांचे निकाल सारखे आले तर मी दुसऱ्याला अधिक मान देईन.

पाण्याचेही तसेच. तानसा आणि भातसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यात, त्यांचे पाणी मुंबईला. आणि एप्रिलमध्ये वाडीवरची चौथीतली मुलगी शाळेऐवजी विहिरीवर. तिची गैरहजेरी शाळेच्या खात्यावर मांडली जाते.

तुलना करूच नये, असे माझे म्हणणे नाही. ती झाली नाही तर कोणालाच जाब विचारता येणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली आणि केवळ कागदावर असलेली मुले किती, ते उघड झाले. ते आवश्यकच होते. पण तारखा पाहा : ३ ते ५ ऑक्टोबर. त्या वर्षी दिवाळी महिनाअखेरीस होती, म्हणजे आपल्याकडचे स्थलांतर अजून सुरू व्हायचे होते. तीच पडताळणी जानेवारीत झाली असती तर आपल्या वाड्यांवरचे चित्र वेगळे दिसले असते. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून निघते. ती शाळेत न जाता घरोघर जाऊन मुलांचे वाचन घेते, त्यामुळे त्या दिवशी शाळेत नसलेले मूलही मोजले जाते. ही पद्धत मला फार पटते. मात्र तिचे निष्कर्ष जिल्ह्यापुरते असतात, एका शाळेबद्दल ते काही सांगत नाहीत. आणि कुलूप लावून गेलेल्या घरापुढे तीही हतबलच.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात यावर उत्तर आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून या दोघींनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेला इमारत नव्हती, बाके नव्हती. आजच्या आपल्या गुणपत्रिकेत भौतिक सुविधांच्या रकान्यात तिला शून्य द्यावे लागले असते.

भौतिक सुविधांचा विषय निघालाच आहे, तर दात्यांविषयी थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नये. महामार्गालगतच्या एका शाळेत मी एकाच वर्षी वह्यांचे तीन वाटप-समारंभ पाहिले. मुलांजवळ वह्या उरल्या, पण वर्गाचे छप्पर गळतच होते. आत चार किलोमीटरवर गाडी जात नाही, तेथे दाता पोहोचला नाही. एका शाळेला दूरदर्शन संच भेट मिळाला, त्या शाळेचा वीजपुरवठा बिल थकल्यामुळे खंडित होता. संच कपाटावर, त्यावर हार सुकलेला.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. पूर्वी व्यापाऱ्यांची आणि मजुरांची मुले याच शाळांत एका पट्टीवर बसत. येथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी काहींनी बाराखडी तेथेच गिरविली असेल. आज आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या बसने जातात. त्यात गैर काही नाही, माझी नातवंडेही जातात. पण त्यामुळे आपण या शाळांचे पालक राहिलो नाही, परीक्षक झालो.

म्हणून समितीसमोर माझी सूचना अशी आहे. रंगरंगोटी, फलक, संगणक यांना गुण ठेवू नयेत. जूनमध्ये पटावर असलेल्या मुलांपैकी मार्चमध्ये किती उरली, हे दाखलखारीज रजिस्टर आणि हजेरीपट समोर ठेवून पाहावे. तिसरीच्या प्रत्येक मुलाला दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचायला द्यावा आणि शाळेची तुलना शेजारच्या शाळेशी न करता तिच्याच गेल्या वर्षाशी करावी. तिसरा प्रश्न तोंडी : जे मूल आज वर्गात नाही ते कोठे आहे? ज्या शिक्षकाला भट्टीचे गाव आणि मुकादमाचे नाव सांगता येईल, त्याला माझे गुण सर्वांत जास्त. आणि पुरस्काराची रक्कम ढालीवर खर्च न करता मागे राहिलेल्या मुलांच्या हंगामी निवासाला व जेवणाला द्यावी. मुलाची आजी वाडीवर असते, तिला शिधा मिळाला तर ती नातवाला ठेवून घेते, असा माझा अनुभव आहे.

या कामी आपल्याएवढी मदत कोणी करू शकणार नाही. वाडी कधी रिकामी होते हे हजेरीपटाआधी दुकानाच्या वहीला कळते. जाण्यापूर्वी कोणी उधारी चुकती करतो, कोणी मीठ-मिरचीची मोठी खरेदी करतो, आणि पुढच्या बाजारापासून ते गिऱ्हाईक दिसत नाही. यंदा चोपडापूजन झाल्यावर ज्या आठवड्यात असे घडेल, तो दिवस कृपया संस्थेच्या कार्यालयात कळवावा. पहिली भेट आम्ही दिवाळीपूर्वी देणार आहोत. दुसरी त्याच आठवड्यात देऊ.

जय जिनेंद्र.