रूपांतर नव्हे, नक्कल



 आपल्या मंडळाच्या अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो मी थोडक्यात उरकतो. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं. तेव्हापासून आपल्यातले बरेचजण ग्राहकांची व्हर्च्युअल मशीन प्रॉक्समॉक्सवर नाहीतर हायपर-व्हीवर हलवण्यात गुंतले आहेत. झाला आढावा. उरलेल्या वेळात मला एका शब्दाशी भांडायचं आहे, आणि हे भांडण बरंच जुनं आहे.

तो शब्द म्हणजे ‘रूपांतर’. दुधाचं दही झालं की दूध उरत नाही, म्हणून ते रूपांतर. व्हर्च्युअल डिस्कच्या इमेजचं, म्हणजे व्हीएमडीके फाइलचं, क्यूकाऊ२ फॉरमॅटमध्ये ‘रूपांतर’ केलं की व्हीएमडीके जिथल्या तिथे असते आणि शेजारी तेवढाच ऐवज असलेली दुसरी फाइल उभी राहते. कमांडचं नाव ‘कन्व्हर्ट’ आहे म्हणून आपणही ‘कन्व्हर्ट केलं’ म्हणतो आणि मोकळे होतो. खरं तर या कामाला आपल्या कचेऱ्यांत जुना, चोख शब्द आहे : नक्कल. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून एखाद्या फेरफाराची नक्कल हवी असेल तर अर्ज द्यावा लागतो, फी भरावी लागते आणि कोणी, कधी, कशाची नक्कल नेली याची नोंद राहते. एका गट नंबराच्या कागदाला एवढी शिस्त. दवाखान्याच्या सगळ्या रुग्णनोंदी पोटात असलेल्या डिस्कची नक्कल मात्र आपण चहा येईपर्यंत काढतो आणि तिची नोंद कुठेही नसते.

ही नक्कल कुठे काढावी यावर आपल्या व्यवसायात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, ऑनलाइन कन्व्हर्टर आहेत, ते वापरावेत. त्यांच्याशी मी फार वाद घालत नाही. सेकंदाला ४० मेगाबिट अपलोडच्या लाइनवर २०० जीबीची इमेज चढवायला अकरा तास लागतात, तेव्हा हा पक्ष गणितातच हरतो. शिवाय मार्च २०२५मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकट फाइल-कन्व्हर्टरांच्या आडून मालवेअर पसरवलं जात असल्याचा इशारा दिला होता. तो साध्या कागदपत्रांच्या फायलींबद्दल होता. अख्खी डिस्क परक्याच्या हाती देण्याबद्दल वेगळं सांगायला नको. दुसरा पक्ष म्हणतो, सगळं आपल्याच मशीनवर करा, मग खाजगीपणाचा प्रश्नच येत नाही. मी या पक्षाचा आहे, आणि माझं भांडण याच पक्षाशी आहे. ‘लोकल’ हे ठिकाण झालं. ती हमी नव्हे.

इमेज उतरवताना काय होतं ते जवळून पाहू. पगारपत्रकाची एक एक्सेल फाइल धरा. लेखनिकाने ती डिलीट केली, रिसायकल बिनही रिकामा केला. एनटीएफएसने आपल्या यादीत त्या नोंदीवर ‘जागा मोकळी’ एवढा शिक्का मारला. क्लस्टरमधले आकडे होते तिथेच राहिले. क्यूईएमयू-आयएमजीसारख्या कन्व्हर्ट करणाऱ्या प्रोग्रॅमला ही यादी वाचता येत नाही. त्याला फाइल दिसत नाहीत, ब्लॉक दिसतात. ज्यात नुसती शून्यं आहेत असा ब्लॉक तो वगळतो, बाकीचं सगळं इमानेइतबारे उतरवतो. चालू फाइल आणि पुसलेली फाइल त्याच्या लेखी सारखीच. (गेस्टने, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनने, ट्रिम म्हणजे ‘हे ब्लॉक मोकळे’ अशी सूचना पाठवली आणि खालच्या डिस्कने ती ऐकली असेल तर गोष्ट वेगळी, पण ते गृहीत धरून चालणं म्हणजे दैवावर हवाला.) पेजफाइल येते, ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड येतात, लिनक्स असेल तर शेलची हिस्टरी आणि एसएसएचच्या किल्ल्या येतात. मशीन नीट बंद न करता सस्पेंड केलेलं असेल तर व्हीएमवेअरच्या फोल्डरात मेमरीची व्हीएमईएम फाइलही पडलेली असते, आणि फोल्डर उचलून एक्स्टर्नल डिस्कवर टाकताना ती कोणी बाजूला काढत नाही.

यावर ‘पुसलेलं शोधत बसायला वेळ कोणाला आहे?’ असं विचारलं जातं. सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या संशोधकांनी तो काढला. जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ हार्ड डिस्कांचा त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. चालू निघाल्या १२९, नीट पुसलेल्या त्यांतल्या १२, आणि हाती लागले पाच हजारांवर क्रेडिट कार्ड क्रमांक. त्या लोखंडी डिस्क होत्या, असं कोणी म्हणेल. मग २०१२ साली प्रसिद्ध झालेला ॲमेझॉनच्या ईसी२ क्लाउडवरील सार्वजनिक इमेजचा अभ्यास पाहा. तपासलेल्या १,१०० लिनक्स इमेजपैकी ९८ टक्के इमेजमधून पुसलेल्या फाइल परत मिळाल्या. या इमेज लोकांनी जगाला वाटण्यासाठी तयार केल्या होत्या, म्हणजे त्यांच्या समजुतीने घर झाडून घेतलेलं होतं. आपण तर झाडूही फिरवत नाही.

आता ‘लोकल’वाल्यांना जे सर्वांत कमी आवडेल ते सांगतो. इमेज ही नुसती डेटाची पेटी नसते. तिच्या हेडरमध्ये सूचना असतात. क्यूकाऊ२मध्ये बॅकिंग फाइलची सोय आहे : जो ब्लॉक माझ्याकडे नाही तो अमुक फाइलमधून वाचा. सोय चांगली आहे, एक्स्टर्नल स्नॅपशॉट तिच्यावरच चालतात. पण त्या ‘अमुक’च्या जागी कोणी होस्टवरच्या, म्हणजे आपल्या मशीनवरच्या, पासवर्ड फाइलचा पत्ता लिहिला, तर कन्व्हर्ट करणारा प्रोग्रॅम तुमच्या अधिकाराने ती फाइल वाचतो आणि नव्या इमेजमध्ये ओततो. ही कल्पनेची भरारी नाही. जुलै २०२४मध्ये ओपनस्टॅक या क्लाउड-प्रणालीच्या सिंडर, ग्लान्स आणि नोव्हा या घटकांत याच जातीची त्रुटी जाहीर झाली. तिथे क्यूकाऊ२ची बाहेरच्या डेटा-फाइलची सोय वापरून सर्व्हरवरच्या फाइल वाचता येत होत्या. ग्राहकाने दिलेली इमेज उतरवून परत देणाऱ्याने याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ग्राहकाच्या घरातलं आपल्याकडे येतं, तसं आपल्या घरातलं त्याच्याकडे जाऊ शकतं; आणि त्यासाठी इंटरनेटची केबल काढलेली असली तरी चालतं.

एन्क्रिप्शनचा आधार देणारेही असतात. गेस्टच्या आत बिटलॉकर किंवा लक्स असेल तर त्यांचं म्हणणं बहुतांशी खरं : ब्लॉक कुलूपबंद येतात, तसेच उतरतात. पण कुलूप व्हर्च्युअल डिस्कच्या थरावर असेल, तर नक्कल काढताना ते उघडावंच लागतं आणि मुद्दाम सांगितलं नाही तर नवी फाइल उघडीच लिहिली जाते. होस्टच्या डिस्कचं एन्क्रिप्शन लॅपटॉप चोरीला गेल्यावर उपयोगी पडतं. त्या लॅपटॉपमधून एक्स्टर्नल डिस्कवर गेलेल्या फाइलवर त्याचं छत्र नसतं.

‘जुनी इमेज शेवटी उडवतोच ना’ हा आणखी एक युक्तिवाद. एसएसडीवर फाइल पुन्हा लिहून पुसण्याचा भरवसा नाही, कारण नवं लिखाण जुन्याच पेशींवर होईल असं कंट्रोलर कबूल करत नाही. आणि रात्रीच्या बॅकअपने ती इमेज तोवर उचललेलीही असते. शिवाय नवं मशीन आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनी इमेज उडवूच नये, हे मलाही मान्य आहे. आक्षेप एवढाच, की त्या आठवड्याचा शेवट कुठे लिहिलेला नसतो. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा काम संपलेली माहिती पुसायला सांगतो, आणि सुरक्षिततेचे वाजवी उपाय केले नाहीत तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. दंडाचा रोख मुख्यतः माहिती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे आपल्या ग्राहकावर आहे. जबाबदारी त्याची, नक्कल आपल्या कपाटात. ही वाटणी आपल्याला सोयीची आहे म्हणून आपण गप्प आहोत, असा माझा आरोप आहे.

उपाय अवघड नाहीत. उतरवण्याआधी गेस्टच्या आतून मोकळी जागा शून्यांनी भरा. विंडोजवर एस-डिलीट आहे, लिनक्सवर झीरोफ्री. थिन, म्हणजे लागेल तशी वाढणारी, डिस्क त्यात आधी फुगते, तेवढी जागा हाताशी ठेवा; पुढे तयार होणारी इमेज लहान होते, म्हणजे स्वार्थही साधतो. परक्याची इमेज उघडायची ती नेटवर्कपासून तोडलेल्या, रिकाम्या, फेकून देता येईल अशा मशीनमध्ये, आणि मूळ फॉरमॅट प्रोग्रॅमला ओळखायला न लावता स्वतः सांगून. तिसरी गोष्ट नकला-वही. तिचा नमुना मंडळाने तयार करावा, एखादी उपसमिती नेमावी, तपशील ती बघेल. माझ्या मते चार रकाने पुरेत : कशाची नक्कल, कुठे ठेवली, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तारखेला नष्ट. चौथ्या रकान्यावर कोणाची सही हवी, ग्राहकाची की आपली, यावर कार्यकारिणीत आधीच दोन तट आहेत. जेवणानंतरचं सत्र त्यासाठी मोकळं ठेवलं आहे.