पकड : लाकडाच्या लेथवरील चार जबड्यांचा चक



या व्याख्यानमालेत आपण इतिहास ऐकता, तत्त्वज्ञान ऐकता, क्वचित राजकारणही ऐकता. अशा व्यासपीठावर उभे राहून लोखंडाच्या एका चकाविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच होय. पण घराच्या पडवीत लहानसा लेथ बसवून लाकूड कातण्याचा छंद करणारी काही मंडळी या सभेतही असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘चक कोणता घ्यावा?’ हाच असतो. त्याचे उत्तर आम्ही आज आमच्या अनुभवावरून देणार आहोत. मात्र त्यासाठी प्रश्नच थोडा उलटा करून घ्यावा लागेल.

ज्यांनी लेथ पाहिला नसेल त्यांनी घरातले लाटणे डोळ्यांसमोर आणावे. लाकडाचा तुकडा दोन टोकांना दोन अणींमध्ये धरावयाचा, तो गरगर फिरवावयाचा, आणि समोरच्या टेकूवर पटाशी टेकवून त्याला आकार द्यावयाचा. लाटणे, पाळण्याचे दांडे, चौरंगाचे पाय ही सारी मंडळी अशीच जन्माला येतात. आपल्याकडचे जुने कातारी जमिनीवर बसून धनुकलीच्या दोरीने लाकूड फिरवीत. ते एकदा पुढे आणि एकदा मागे फिरे. हत्यार कापी ते मात्र एकाच बाजूच्या फेऱ्यात. एवढ्याशा साधनांतून त्यांनी जे काम उभे केले त्यापुढे आपण हात जोडावेत.

पण लाटण्याऐवजी वाडगा करावयाचा झाला तर? वाडग्याचे तोंड मोकळे हवे. तेथे अणी रोवून ठेवली तर आतले लाकूड कोरणार कसे? म्हणजे लाकूड एकाच बाजूने, बुडाकडून धरले पाहिजे. त्यासाठी लाकूड पोकळ खोबणीत ठोकून बसवीत, किंवा लोखंडी तबकडीला स्क्रूने आवळीत. दोन्ही रीती आजही उपयोगी आहेत. पण स्क्रूची भोके बुडाला राहतात, आणि काम एकदा काढून पुन्हा लावले की मध्य चुकण्याचा संभव असतो. चकाने ही अडचण पुष्कळशी दूर केली.

चकाचे दोन प्रकार आपण वेगळे ओळखले पाहिजेत. एकात चारही जबडे स्वतंत्रपणे, आपापल्या स्क्रूने सरकतात. हा लोखंडकामाचा चक. वेडावाकडा किंवा मध्य सोडून फिरवावयाचा तुकडा धरण्यास याच्यासारखा दुसरा नाही. पण प्रत्येक वेळी मध्य जुळविण्यात वेळ जातो, आणि बाहेर आलेले जबडे बोटांची सालटी काढतात. दुसऱ्या प्रकारात आत एक चकती असते आणि तिच्यावर चकलीसारखे वेटोळे कोरलेले असते. चकती फिरली की चारही जबडे एकदम आणि सारखेच पुढेमागे होतात, त्यामुळे मध्य आपोआप जुळतो. अमेरिकेतील सायमन फेअरमन या गृहस्थाने १८४० मध्ये अशा वेटोळ्याच्या चकाचे पेटंट घेतले. लाकूडकामाला हाच प्रकार घ्यावा. तीन जबड्यांपेक्षा चार अशासाठी बरे, की चौकोनी तुकडाही सरळ धरता येतो आणि गोल खुंटीभोवती जबड्यांचा आधार चार बाजूंनी मिळतो. लाकूड लोखंडाहून मऊ; त्याला दाब जितका वाटून मिळेल तितके चांगले. जबड्यांवर एक ते चार आकडे असतात, त्याच क्रमाने ते बसवावेत. क्रम चुकला तर ते मध्याशी एकत्र मिळत नाहीत, आणि नवखा मनुष्य चकाला दोष देत बसतो.

आता आमचीच एक फजिती सांगतो. नवा चक आल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही बाभळीचा दहा इंचांचा वाडगा करावयास घेतला. चकाचे जबडे दोन इंचांचे, म्हणून बुडाला खुंटीही दोन इंचांची ठेवली. आणि लांब असली तर पकड घट्ट बसेल अशा समजुतीने ती चांगली लांब ठेवली. चावी दोन्ही हातांनी अंगातले बळ लावून आवळली. बाहेरची बाजू झाली, आतून कोरावयास लागलो, आणि पटाशी अडकली. वाडगा सुटला तो आमच्या कानाजवळून भिंतीवर आपटला आणि दाराशी चहा घेऊन उभ्या असलेल्या आमच्या घरच्या मंडळींच्या पायाशी येऊन पडला. कोणाला लागले नाही. पण त्या दिवशी चहा कोणीच घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तो वाडगा हातात घेऊन पाहिला. खुंटी शाबूत होती. तिचे टोक चकाच्या तळाला टेकले होते, त्यामुळे वाडग्याचे बूड जबड्यांच्या तोंडावर बसलेच नव्हते. मध्ये बोटाचे नख जाईल एवढी फट होती. आम्ही जितके आवळले तितके ते लाकूड त्या फटीवर डोलतच राहिले. शक्ती कमी पडली नव्हती. बैठकच चुकली होती.

यावरून तीन नियम आम्ही भिंतीवर लिहून ठेवले. पहिला : खुंटीची लांबी जबड्यांच्या खोलीपेक्षा थोडी कमीच हवी, म्हणजे बुडाचा काठ जबड्यांच्या तोंडावर सपाट टेकतो. खरा आधार त्या काठाचा असतो. दुसरा : जबड्यांना आत तिरपा उतार असेल तर खुंटीलाही तोच उतार द्यावा, टोकाशी किंचित रुंद आणि मुळाशी निमुळता. तिसरा : खुंटीचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या एक तृतीयांश ते दोन पंचमांश असावा. दहा इंचांच्या वाडग्याला साडेतीन इंचांच्या आसपास खुंटी हवी. आमची होती दोन इंचांची.

येथेच तो प्रश्न उलटा होतो. जबडे ज्या मापावर जवळजवळ पूर्ण वर्तुळ करतात त्याच मापावर लाकडाला सगळीकडून भिडतात. फार उघडले तर नुसते कोपरे रुततात. तेव्हा आधी आपण काय करणार हे ठरवावे. लहान डब्या आणि पाच-सहा इंचांचे वाडगे करणाऱ्याला दोन इंचांचे जबडे पुरतात. मोठे वाडगे करावयाचे तर मोठे जबडे ज्याला मिळतात असा चक घ्यावा. मग आपल्या लेथच्या स्पिंडलचे आटे मोजावेत. काही लेथवर एक इंच व्यासाला इंचामागे आठ आटे असतात, तर काहींवर ३३ मिलिमीटर व्यास आणि ३.५ मिलिमीटर अंतर असते. ‘जवळपास बसतो’ हे येथे चालावयाचे नाही. लहान लेथवर जड चक चढवू नये, त्याचा भार बेअरिंगवर पडतो. आणि दोन दांड्यांनी आवळण्याच्या चकापेक्षा चावीचा चक पत्करावा. एका हाताने चावी फिरवताना दुसरा हात लाकूड धरावयास मोकळा राहतो.

मात्र ती चावी चकातच राहिली तर लेथ सुरू होताच गोफणीतल्या दगडासारखी सुटते. आवळून झाल्याबरोबर ती जागेवर टांगावी. सुरू करण्यापूर्वी काम हाताने एक फेरा फिरवून पाहावे. वेगाचा एक ठोकताळा असा : ६,००० ते ९,००० यांना इंचांतील व्यासाने भागावे. दहा इंचांच्या वाडग्याला मिनिटाला ६०० ते ९०० फेरे. तुकडा ओबडधोबड असेल तर त्याहूनही कमी. समोरच्या अणीचा आधार जमेल तितका वेळ काढू नये. तोंडावर जाळी किंवा मुखवटा असावा, आणि लेथ सुरू करताना कामाच्या सरळ रेषेत उभे राहू नये, कोणाला राहू देऊ नये. ओल्या लाकडाची खुंटी वाळल्यावर लंबगोल होते. ती पुन्हा गोल केल्याशिवाय चकात देऊ नये.

आमचा तो वाडगा अजून घरात आहे. काठाला तडा आहे, म्हणून त्यात काही ठेवता येत नाही. लेथ शिकावयास कोणी आले की चक दाखविण्यापूर्वी आम्ही त्यांच्या हातात तो वाडगा देतो आणि बुडाची खुंटी पाहावयास सांगतो. महागडा चक घेतला की पकड आपोआप येईल, असे ज्यांना वाटते त्यांना ती खुंटी पुष्कळ काही सांगते. पकडीचा निम्मा भाग बाजारात मिळतो. उरलेला निम्मा प्रत्येक लाकडात, प्रत्येक वेळी, आपल्या हातानेच कातावा लागतो.