अकरा पैशांचं पाणी



आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. तीस वर्षं पायदळात काढली, कर्नल म्हणून निवृत्त झालो. लेकीची नोकरी इथल्या सेक्टर फाइव्हमध्ये, म्हणून आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी आता कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये राहतो. आज मी पाणी, मीठ आणि साखर या तीन गोष्टींवर बोलणार आहे. एवढ्या साध्या गोष्टींवर व्याख्यान कशाला, असं वाटेल. पण माझ्या घरात त्या तिन्ही होत्या आणि तरी आमचं माणूस गेलं.

मूळचा मी सातारा जिल्ह्यातल्या माण भागातला. १९६८ च्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण दोन वर्षांची होती, मी दहा. तिला जुलाब सुरू झाले. ती पाणी मागायची आणि आजी म्हणायची, "पाणी देऊ नका रे, आणखी वाहून जाईल." आजी दुष्ट नव्हती. नातीवर तिचा जीव होता. तिच्या आजीनं तिला जे सांगितलं तेच ती करत होती. मी दाराशी तांब्या घेऊन उभा होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडी जुंपली, पण उपयोग झाला नाही.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. सॉल्ट लेकला आल्यावर ती पुन्हा वर आली. का, ते सांगतो.

हे उपनगर म्हणजे मुळात खारी दलदल. १९६० च्या दशकात हुगळी नदीतला गाळ पाइपातून आणून ती भरली. १९७१ साली इथं धड वस्ती नव्हती, मोकळं मैदान होतं. पूर्व पाकिस्तानात अत्याचार सुरू झाले आणि सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. त्यातली दोन लाखांहून जास्त या सॉल्ट लेकच्या छावणीत राहिली. गटारांसाठी आणलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांमध्ये संसार मांडलेल्या कुटुंबांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मी रोज सकाळी फिरायला जातो तो हाच भाग.

त्या वर्षी पावसाळ्यात छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. कॉलऱ्यात माणूस तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. उपाय एकच मानला जाई, शिरेतून सलाइन. काही छावण्यांत आजारी पडलेल्यांपैकी २० ते ३० टक्के माणसं दगावत होती.

सीमेजवळच्या बनगावला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस पोचले. कोलकात्यातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्रात काम करणारे बालरोगतज्ज्ञ, वय ३६. रुग्णालयाच्या दोन खोल्यांत माणसं जमिनीवर पडलेली. सलाइन लावायला उलटी-जुलाबात गुडघे टेकून बसावं लागे. दोन आठवड्यांत त्यांच्या लक्षात आलं की ही लढाई आपण हरतो आहोत. सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या, आणि ती लावता येणारी शिकलेली माणसं दोनच.

फौजेत आम्हाला शिकवतात, कुमक कुठे अडली आहे ते आधी शोधा. इथं ती सुईपाशी अडली होती. महालनबीसांनी ठरवलं, सुई बाजूला ठेवायची आणि पाणी तोंडानं द्यायचं.

एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात केंद्राच्या वाचनालयात पुड्या भरायच्या, प्लास्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीनं बंद करायच्या. छावणीत तोटीच्या पिंपांमध्ये द्रावण तयार ठेवायचं. खर्च लिटरला अकरा पैसे. फक्त अत्यवस्थ रुग्णाला आधी सलाइन, बाकी सगळ्यांना पेला. आणि तो पेला पाजायचा कुणी? आईनं, भावानं, नवऱ्यानं. ज्यांना अक्षरओळखही नसेल अशा नातेवाइकांनी. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याला नाव दिलं 'तोंडानं घ्यायचं सलाइन'.

आठ आठवड्यांत तीन हजारांवर रुग्ण झाले. मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

हे का चालतं? आजीचं म्हणणं आठवा, पाणी दिलं की वाहून जाईल. नुसत्या पाण्याच्या बाबतीत ती अगदीच चुकीची नव्हती. आतड्याच्या पेशीत एक दार असतं. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात ना, एक तुमची आणि एक बँकेची, तसं. मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही एकत्र आले की ते उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. कॉलऱ्यातही हे दार शाबूत राहतं. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी रुग्णांवर हे दाखवून दिलं आणि 'लॅन्सेट'मध्ये छापलं.

१९६८. वर्ष ऐकलंत ना? मी तांब्या घेऊन उभा होतो तेच वर्ष.

पण ते ज्ञान रुग्णालयाच्या देखरेखीत होतं. 'याला शिकलेला माणूसच पाहिजे' ही भीती ओलांडून ते आईच्या हातात दिलं महालनबीसांनी. मी त्याला धाडस म्हणतो. हुकूम आपल्या हातात ठेवणं अधिकाऱ्याला सोपं असतं. शिपायावर भरवसा टाकून काम त्याच्याकडे सोपवताना पोटात गोळा येतो, कारण चुकलं तर जबाब आपल्याला द्यायचा असतो.

पुढं बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं हीच वाट धरली. १९८० पासून दहा वर्षं त्यांच्या बायका लाखो घरांत गेल्या आणि आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी शिकवून आल्या. त्यांचा पगार किती घरं केली यावर नव्हता, आईच्या किती लक्षात राहिलं यावर होता. आपल्याकडे शिबिरं पुष्कळ होतात. नंतर जाऊन कुणी विचारतं का, काय लक्षात राहिलं?

म्हणून आता मी तुम्हाला कामाचं सांगतो, आणि ते लक्षात ठेवा. घरात ओआरएसची पुडी ठेवा. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवा, अर्धी नको. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. घोट घोट द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्या. अंगावरचं दूध बंद करू नका. मूल सुस्त पडलं, पिईना, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त आलं, तर तडक दवाखाना गाठा. गोड सरबतं ओआरएस म्हणून विकली जात होती. २०२५ मध्ये एफएसएसएआयनं त्या नावाचा वापर थांबवला, तरी विकत घेताना प्रमाण वाचा.

डॉ. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

मागच्या महिन्यात आमच्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या नातवाला जुलाब लागले. त्या म्हणाल्या, "पाणी बंद केलंय, बाबू." मी काही न बोलता स्वयंपाकघरात गेलो, लिटरभर पाणी मोजलं आणि चमचा त्यांच्याच हातात दिला. सहा साखरेचे, अर्धा मिठाचा, त्यांनीच घातले. दोनदा म्हणून घेतलं. आता त्यांच्या गल्लीत त्या शिकवतात.

आज घरी गेल्यावर तुम्हीही एका माणसाला शिकवा. आणि आठवड्यानं जाऊन विचारा, लक्षात आहे का?

जय हिंद.