नांगराला लागलेलं नाणं



शिरूर-दौंडकडची घोड-भीमेकाठची वस्ती फार जुनी. नांगरताना कधी नाणं लागतं. माझ्या लहानपणी शेजारच्यांना गाडगंभर चांदीची नाणी सापडली. ते भ्यायले. रातोरात आटवून तोडे केले. नाणी कोणत्या राजाची, ते कळलंच नाही.

आता दुसरी गोष्ट ऐका. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला १३,००० वर चांदीची नाणी सापडली. ती नहपान राजाची. एका बाजूला राजाचे तोंड, भोवती ग्रीक अक्षरे. त्या काळी रोमचे व्यापारी गलबतांतून आपल्या किनाऱ्याला येत. पैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. म्हणजे नहपान हरला, सातकर्णी जिंकला. ही साक्ष नाण्यांनी दिली. तीही आटवली असती तर?

म्हणून नाणे सापडले, तर आटवू नका. घासूही नका, अक्षरे झिजतात. कलेक्टरसाहेबांना लेखी कळवा. १८७८ चा कायदा तसे सांगतो. कळवले, तर वाटा मिळू शकतो. लपवले, तर हक्क जातो, वर शिक्षा.

मंडळी, तुम्ही आता अक्षरे वाचू लागलात. नाणे ही आपल्या वाडवडिलांच्या काळची पाटीच आहे. ती पुसू नका.