वृद्ध हत्तीचे पाय

भीमाकांठच्या शिरूर-दौंड भागांत शेतकरी बैलाचें वय दातांवरून ओळखतो आणि त्याच्या खुरांचीहि निगा राखतो. देवस्थानच्या हत्तीला भाविक ऊस देतात, नमस्कार करतात. त्याच्या तळव्यांकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो.

हत्तीला आयुष्यांत दाढांचे सहा संच येतात. साधारण साठीनंतर शेवटचा संच झिजला, कीं पुढें ऊस असूनहि तो उपाशी राहतो. बंदिवासांतील हत्तीचें दुखणें त्याहूनहि आधीं पायांतून सुरू होतें. रानांत तो मैलोगणती मऊ भूमीवर चालतो. फरशीवर सांखळीनें जखडला, कीं नखें वाढतात, तळवे सडतात, सांधे धरतात.

कोल्हापूर जिल्ह्यांतील नांदणी मठांत १९९२ पासून असलेल्या महादेवी ऊर्फ माधुरी हत्तिणीचें वय अवघें ३६ च्या सुमारास होतें. तरी तिच्या पायांच्या व सांध्यांच्या व्याधीचा प्रश्न न्यायालयांत गेला, आणि जुलै २०२५ मध्यें तिला जामनगरास हलविण्यांत आलें. निरोप देतांना गांव रडला. तें प्रेम खरेंच होतें. परंतु प्रेमाला मऊ माती, पाणी, रोजची फिरस्ती आणि पशुवैद्य यांची जोड हवी. ज्याला हत्तींत देव दिसतो, त्याला त्याचा दुखरा पायहि दिसला पाहिजे.