सरकारी संकेतस्थळाचें दार

सातबाऱ्यासाठीं वडगांवची तहसील कचेरी गांठणें, हा आमच्या मावळांतील जुना नेम. आतां उतारा घरबसल्या मिळतो, सोय मोठीच. परंतु माझा एक अंध विद्यार्थी परवां एका सरकारी संकेतस्थळाच्या दारांतच अडला. पडद्यावरील मजकूर त्याचें यंत्र वाचून दाखवितें. पण तेथें मागितलेलीं वेडींवांकडीं अक्षरें म्हणजे निव्वळ चित्र! यंत्र मुकें झालें. शेवटीं तीं मीं, मोतीबिंदूच्या डोळ्यांनीं, वाचलीं; दोनदां चुकलों.

वास्तविक चित्रास शब्दांचा पर्याय असावा, मांडणी एकसारखी असावी, असे नियम केंद्र सरकारनें २००९ सालींच केले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें त्यांस बळ दिलें. तरीहि दर खात्याचें दार निराळ्या दिशेला कां, हें मला उमगत नाहीं.

उतारा निघाला. विद्यार्थी मात्र खट्टूच होता. तो त्याला स्वतः काढावयाचा होता.