सहीचे मोल



थोर पुढाऱ्यांच्या स्वाक्षऱ्या जमविणे हा चांगला छंद आहे. महात्मा गांधी स्वाक्षरीबद्दल पाच रुपये घेत आणि ती रक्कम हरिजन निधीस देत. परंतु वहीत मोठे नाव आले म्हणजे काम संपले, असे समजू नका. ती सही कोणत्या मजकुराखाली झाली, हेही विचारा.

भारतीय कामगार चळवळीचे जनक नारायण मेघाजी लोखंडे यांचे उदाहरण घ्या. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास मदत, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या गोळा केल्या. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांत दंगा झाला, तेव्हा याच लोखंड्यांनी सलोख्यासाठी खटपट केली. आज आपण रविवारी विसावा घेतो, त्यामागे त्या अनाम मजुरांच्या सह्या आहेत.

दुसरे उदाहरण राज्यघटनेचे. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीच्या सभासदांनी तिच्यावर सह्या केल्या. डॉ. आंबेडकर आणि मौलाना आझाद दोघांच्याही सह्या तीत आहेत. त्यांच्या छापील प्रतिकृती विद्यार्थ्यांनी अवश्य पाहाव्यात.

आता आपल्या पेडगावाकडे वळू. घरातील जुनी खरेदीखते, कर्जरोखे उघडून पाहा. लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगराची निशाणी करी. पुढे अंगठा आला. वर काय लिहिले आहे ते वाचता येत नसे, म्हणून कित्येकांच्या जमिनी गेल्या. निजामी अमलातील पुष्कळ कागद उर्दूत आहेत. ज्या मुलामुलींना उर्दू येते, त्यांनी ते शेजाऱ्यांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, वाचून दाखवावेत. असे कागद रद्दीत घालू नका.

पालकांनो, मुलीला नाव गिरविता आले की शिक्षण पुरे झाले, असे म्हणू नका. सही करण्यापूर्वी कागद वाचणे, समजणे आणि न पटल्यास “नाही” म्हणणे, इथवर तिला शिकवा. मुलांनो, स्वाक्षऱ्या जरूर जमवा. पण उद्या तुमची सही कोणाच्या तरी हक्काच्या अर्जाखाली शोभावी, अशी विद्या मिळवा.